बोळेबाईचा डावा हात

"तिन्ही लावून दाखवा," ती बाई म्हणाली. "आणि तुमच्याच हातावर. माझ्या नको."

बोळेबाईने डावा हात काउंटरवर पालथा ठेवला. पाण्याने न जाणारी काजळाची पेन्सिल घेऊन तिने हातावर तीन रेघा ओढल्या आणि फुंकर घालून वाळवल्या. मग मेकअप उतरवायच्या मायसेलर वॉटरच्या तीन बाटल्या पुढे ओढल्या. एकीचं टोपण गुलाबी, एकीचं निळं, एकीचं हिरवं. कापसाचे तीन बोळे तिने त्यांत भिजवले आणि एकेका रेघेवर एकेक ठेवला.

"घासायचं नाही हं मॅडम. नुसतं ठेवायचं. एक श्वास घ्यायचा, सोडायचा आणि उचलायचं. पुन्हा तोंड धुवायची गरज नाही. बघा, हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

माझं काउंटर तिच्या शेजारीच, अत्तरांचं. तिचं हे बोलणं मला पाठ होतं, त्यामुळे अशा वेळी मी तिच्या हाताकडे बघत नसे, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघे. रेघ नाहीशी झाली की बायकांचे ओठ किंचित उघडतात. मला त्याची मोठी गंमत वाटायची. त्या दिवशीही त्या बाईचे ओठ उघडले, पण मग ते मिटेचनात.

म्हणून मी हाताकडे पाहिलं. काजळ गेलं होतं, पण बोळ्यावर काळ्या रेघेच्या भोवती गव्हाळ रंगाचा मोठा डाग होता. आणि हातावर जिथे बोळा होता तेवढी कातडी लालभडक, खवल्याखवल्यांची, मधून मधून चिरलेली.

"अगं बाई, हे काय झालंय?"

"लहानपणी भाजलं होतं मॅडम."

"या पाण्याने नाही ना?"

"छे हो. या पाण्याने काय होणार?"

"बरं. मी जरा फिरून येते," असं म्हणून ती बाई गेली. फिरून येते म्हणणारं गिऱ्हाईक खरोखर फिरून आलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

उरलेले दोन बोळे हातावर तसेच ठेवून बोळेबाई उभी राहिली. मी माझं काउंटर सोडून तिच्याकडे गेले.

"उचल ते."

"नको."

"उचल गं. माझ्यापासून काय लपवतेस?"

तिने उचलले. तीन ठिकाणी तीन लाल ठिगळं. त्यांच्या मधली कातडी मात्र छान, एकसारखी गव्हाळ. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही रोज सकाळी घरून निघताना हाताला फाउंडेशन लावून येत होती, चेहऱ्याला लावतात ते. मेकअप उतरवायचं पाणी विकणाऱ्या बाईने हाताला मेकअप करून यावं आणि त्याच हातावर ते पाणी लावून दाखवावं, हा वेडेपणा आमच्या धंद्याबाहेरचं कोणी करूच शकणार नाही.

"मनगटाजवळ एवढी जागा चांगली होती," ती हळूच म्हणाली. "रेघा तिथेच ओढत होते. पण ती जागा लहान लहान होत गेली. आज तीन रेघा मावल्या नाहीत."

बोळेबाई हे नाव तिला दुकानानेच दिलं. दिवसभर कापसाच्या बोळ्यांशी कारभार, म्हणून बोळेबाई. मला ती 'अत्तर' म्हणायची. "ए अत्तर, इकडे ये," असं भर दुकानात. आम्ही दोघी एकाच वर्षी कामाला लागलो, तेव्हापासून दाराजवळच्या या दोन काउंटरांवर शेजारी शेजारी उभ्या. तिची मुलगी शाळेत जायला लागली, शिकली, लग्न होऊन लांब गेली, ते सगळं मी तिच्या तोंडून ऐकत आले. बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत आणि बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात म्हणतात, त्यातली ती हुलगेवाली. दुकानात येणाऱ्या बायका पाणी घ्यायला येत की तिच्याशी बोलायला येत, हे माझं मलाच कधी कळलं नाही.

घरी मात्र तिला कोणी ऐकणारं नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर, रात्रपाळीचा. ती निघायची तेव्हा तो येऊन झोपलेला, ती परतायची तेव्हा तो निघालेला. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर आला तरी माणूस घुम्या. "त्याला मी विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर तो मान हलवतो. आता हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मी ठरवायचं," असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. सासरे होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे दिवसभरात तिचं जे काही बोलणं व्हायचं, ते त्या काउंटरवर. ते सुटलं असतं तर ती कोणाशी बोलली असती? मला भीती वाटली ती याचीच. तिलाही त्याचीच वाटत होती, म्हणून तर ते फाउंडेशन.

जेवायच्या सुट्टीत मी तिला मागच्या खोलीत बसवलं आणि हात नीट पाहिला. बोटांच्या पेरांना चिरा होत्या. डबा उघडताना ती अंगठा वर धरून उघडत होती.

"डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर म्हणेल, काम सोडा. त्यापेक्षा आपणच बघू ना, कशाने होतंय ते. तीन बाटल्या आहेत. तिघींतली एक बाधत असणार. ती सोडायची, उरलेल्या दोन विकायच्या."

मला हे पटलं. आता वाटतं पटायला नको होतं, पण तिच्या तोंडून कोणतीही गोष्ट पटायचीच. घड्याळाच्या काउंटरवरचे काका डोळ्याला लावायचं भिंग वापरत, ते मी मागून आणलं. बाटल्यांच्या पाठीवरची अक्षरं म्हणजे मुंगीला चष्मा लावून वाचायला द्यावी इतकी बारीक. ती वाचू लागली, मी ऐकू लागले.

"गुलाबी. सगळ्यात पहिलं, पाणी."

"बरं."

"निळी. पहिलं, पाणी. हिरवी. पहिलं, पाणी." तिने भिंग खाली घेतलं. "अगं अत्तर, आपण इतकी वर्षं पाणी विकतोय. दूधवाल्याने लाजावं."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेवढ्यात शिपाई आत डोकावून गेला. हसू ओसरल्यावर ती पुढे वाचू लागली. पाण्यानंतर तिन्हींत साबणाचा कोणी ना कोणी मावसभाऊ होता, नाव प्रत्येकीत वेगळं आणि उच्चारायला तितकंच अवघड. तेच ते द्रव्य, ज्याचे पाण्यात डोळ्याला न दिसणारे गोळे होतात आणि मळ, तेल, काजळ पोटात घेतात. ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मग कातडी कोरडी पडू नये म्हणून काहीतरी, मग बाटलीतलं पाणी नासू नये म्हणून काहीतरी. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

"मग फरक कुठे आहे?" मी विचारलं.

"शेवटी. गुलाबीत शेवटी लिहिलंय, परफ्यूम. निळीत ते नाही. आणि हिरवीत..." ती जवळ नेऊन वाचू लागली. "हिरवीत गुलाबाच्या फुलांचं पाणी. आणि पुढे चारपाच नावं आहेत, जेरॅनिऑल की काय. पण परफ्यूम नाही लिहिलेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे गुलाबी बाद. निळी कोरडी, तिच्यात कातडीला चांगलं असं काहीच दिसत नाही. हिरवी बेस. फुलाचं पाणी आहे, ते काय करणार?"

तिथे चूक झाली. पण ती चूक मीही केली असती. आयुष्यभर आम्ही दोघी बायकांना हेच सांगत आलो होतो, की फुलाचं ते चांगलं आणि कारखान्यातलं ते वाईट. दुसऱ्याला रोज सांगितलेली गोष्ट शेवटी स्वतःला खरी वाटायला लागते. त्या दिवसापासून बोळेबाईने हिरवी धरली. गिऱ्हाइकाला दाखवायला हिरवी, घरी जाताना तोंड पुसायला हिरवी, आणि हातावरचं फाउंडेशन उतरवायलाही हिरवीच. वर म्हणायची, "बघ, हात कसा थंड वाटतो." थंड वाटला, दोन दिवस.

मग एका सकाळी ती काळा चष्मा लावून आली. काउंटरच्या मागे वाकून तिने तो काढून मला दाखवला. दोन्ही पापण्या सुजून पुऱ्या डोळ्यांवर आल्या होत्या. मानेवरही लाल पट्टा.

"आगीतून फुफाट्यात," ती म्हणाली. पण यावेळी हसली नाही.

त्वचेच्या डॉक्टरकडे मीच तिला घेऊन गेले. डॉक्टर म्हणजे आमच्या लेकीबाळींच्या वयाची मुलगी, पण घाई नव्हती तिला. कशाची ॲलर्जी आहे ते तपासायला तिने पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवल्या आणि पाठ भिजवू नका, पुन्हा या, असं सांगितलं. बोळेबाईने ते दिवस पाठ ताठ धरून काढले. नवऱ्याला सांगितलं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं. त्याने मान हलवली."

पुन्हा गेलो तेव्हा चकत्या निघाल्या. सगळ्या जागा साफ होत्या, दोन लाल जागा सोडून.

"ह्या दोन्ही सुगंधाच्या," डॉक्टर म्हणाली. "वासासाठी जे घालतात ते तुम्हाला चालत नाही. नुसता परफ्यूम असं लिहिलेलंही नाही आणि फुलांच्या अर्कातलंही नाही. ते जेरॅनिऑल वगैरे गुलाबात आपसूकच असतं."

"पण फुलाचं आहे ना ते?"

"कातडीला फूल काय आणि कारखाना काय, सारखंच. तुमच्या त्या निळ्या बाटलीत सुगंध नसेल तर ती एकवेळ चालेल. पण लावल्यावर धुवायचं."

"धुवायचं नसतं ना ते," बोळेबाई म्हणाली, अगदी काउंटरवरच्या आवाजात.

"घरी रात्री एकदा पुसून झोपणाऱ्या बाईचं ठीक आहे. तुम्ही दिवसभर, परत परत, त्याच जागेवर लावता. ते सगळं तिथेच बसून राहतं. कातडीचा वरचा थर गेलाय, म्हणून आता सगळंच आत शिरतंय." मग डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आणि पापण्या, मान, ते हवेतून आलंय. जिथे परफ्यूम उडवतात तिथे तुम्ही उभ्या राहता का?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या नाकपुड्या किंचित हलल्या. आमच्या धंद्यात हे कळतं लगेच.

"तुम्ही काय काम करता?"

"मी अत्तरं विकते," मी म्हणाले. "हिच्या शेजारी."

त्या खोलीत मी स्वतःला पहिल्यांदा ओशाळवाणी वाटले. आयुष्यभर लोक माझ्या जवळून जाताना खोल श्वास घेत आणि मला ते आवडत असे. माझ्या साडीला, केसांना, पर्सला वास. घरातली पोरं म्हणत, आई आली की आधी वास येतो. आणि तिथे मी खुर्ची मागे सरकवली, नकळत, भिंतीला टेकेपर्यंत.

परतताना बोळेबाई रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. सतत झोप अपुरी झाल्यासारखा दिसायचा, एवढंच. डॉक्टरचा कागद त्याने दोनदा वाचला.

"निळी बाटलीच फक्त दाखवा मग," तो म्हणाला.

"दाखवते की. पण शेजारी..." ती थांबली.

"अत्तर हलवा ना साहेब," मी म्हणाले. "मागे न्या. घड्याळं पुढे आणा."

"अत्तर दारातच लागतं. कंपनीने ती जागा मागून घेतलीय. बायका वासाने आत येतात, मग चेहऱ्याच्या सामानाकडे वळतात. सगळं त्यावर बसवलंय."

"मग मला हलवा. वरच्या मजल्यावर टाका, कुठेही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही गेलात तरी बाटल्या तिथेच राहणार ना ताई? दुसरी कोणीतरी उडवेल."

मी मोठा त्याग करायला निघाले होते आणि त्या त्यागाचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता. हे इतकं सरळ होतं की मला त्या माणसाचा रागही धड करता येईना.

"वरच्या मजल्यांवर हिला नाही का देता येणार काउंटर?" मी शेवटचं विचारलं.

साहेबाने टेबलावरची पट्टी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. "हात असा असताना गिऱ्हाइकापुढे... समजून घ्या. खाली पॅकिंगमध्ये जागा आहे. तिथे हातमोजे मिळतात. पगार तोच राहील."

बोळेबाईने डावा हात पदराखाली घेतला. "बरं," ती म्हणाली. एवढंच. तिच्या तोंडून इतकं लहान वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं.

नवीन मुलीला शिकवून मग खाली जायचं, असं ठरलं. ट्रेनिंगच्या मॅडम त्यासाठी मुद्दाम आल्या. त्या दिवशी सकाळी मी माझ्या सगळ्या बाटल्यांना टोपणं लावली, वासाच्या कागदी पट्ट्या खणात टाकल्या आणि काउंटर ओल्या फडक्याने तीनतीनदा पुसलं. कोणी वास मागितला की सांगायचे, आज बंद आहे. अत्तराचं दुकान बंद कसं असतं, असं एका बाईने विचारलं, तर मी म्हटलं, आज त्याची सुट्टी आहे. साहेब दोनदा समोरून गेला, टोपणं न बघितल्यासारखं करून.

नवी मुलगी गोड होती, कॉलेजातून नुकतीच सुटलेली. हात असे की कोरी पाटी. बोळेबाई आली ती काळा चष्मा न लावता, आणि हाताला काही न लावता. तो लाल, चिरलेला हात तिने भर दुकानात तसाच उघडा आणला होता. मॅडमनी तो पाहिला आणि चटकन बाटल्यांकडे पाहिलं.

"करा सुरू," त्या म्हणाल्या.

बोळेबाईने शिकवलं. रेघ कशी ओढायची, फार जाड नाही. फुंकर घालताना गिऱ्हाइकाकडे बघायचं, हाताकडे नाही. बोळा टपटपेल इतका भिजवायचा नाही, पिळून निघेल इतका कोरडाही नाही. बोळा ठेवला की गप्प बसायचं नाही, काहीतरी विचारायचं, तुम्ही रात्री किती वाजता झोपता, असं काहीही. "तेवढ्यात काजळ सुटतं आणि बाईही सुटते," ती म्हणाली. मुलगी हसली. बोळेबाईचा आवाज पूर्वीसारखा लागला होता. दोन गिऱ्हाइकं उगीचच ऐकत उभी राहिली. मला वाटलं, हे असंच चालू राहावं.

मुलीने स्वतःच्या हातावर रेघ ओढली, बोळा ठेवला, उचलला. स्वच्छ.

"आणि मग म्हणायचं, धुवायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"हो, म्हणायचं," बोळेबाई म्हणाली. "आणि गिऱ्हाईक गेलं की मागच्या नळावर जाऊन हात धुवून यायचं. प्रत्येक वेळी."

"काउंटर सोडून?" मुलीने विचारलं.

"काउंटर सोडून."

मॅडमनी आवाज खाली आणला. "ताई, धुवावं लागत नाही हेच तर आपण सांगतो. आपलीच मुलगी दर वेळी नळावर धावायला लागली तर लोक काय म्हणतील?"

"लोक घरी एकदा लावतात मॅडम. ही दिवसभर लावणार."

"ते बरोबर आहे, पण हे असं काउंटरवर बोलायचं नसतं."

"मी गिऱ्हाइकाला नाही सांगत. हिला सांगतेय." मग तिने डावा हात काचेवर ठेवला, पालथा, पूर्वी ठेवायची तसाच. "हा माझा. घाबरू नकोस, पण बघून ठेव."

मुलीने पाहिला. वाकून पाहिला. मग विचारलं, "दुखतो का हो?"

"आता कमी."

ऐकत उभ्या राहिलेल्या दोघींपैकी एक बाई निघून गेली, दुसरी तिथेच उभी होती. मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबणार असं मला वाटलं, पण तसं झालं नाही. त्या थोडा वेळ त्या हाताकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "आज एवढं पुरे." मुलगी मागच्या नळाकडे गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज येईतोवर बोळेबाई हलली नाही. मग तिने तिचं पेन्सिलींचं डबडं मुलीच्या जागेवर सरकवलं आणि जिन्याने खाली गेली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. भांडण होऊन बंद होतं ते परवडतं, एक दिवस कोणीतरी माघार घेतं. इथे माघार घ्यायची तरी कोणी? पॅकिंगची जेवायची सुट्टी वेगळी. मी मुद्दाम माझी बदलून घेतली, दोनतीनदा खाली गेले. खाली चिकटपट्टी ओढायचं यंत्र दिवसभर खरखरत असतं आणि माणसं कानात बोळे घालून काम करतात. पहिल्याच वेळी मी तिच्याजवळ गेले आणि ती खोक्यांच्या मागे सरकली. मुद्दाम नाही, हात तव्यापासून मागे येतो तशी. मग तिलाच लाज वाटली. "अगं, तसं नाही," असं ती म्हणाली, पण पुढे आली नाही. मी लिफ्टमध्ये शिरून रडले. दोन बायका लिफ्टमध्ये आल्या आणि किती छान वास येतोय असं एकमेकींना म्हणाल्या.

खालच्या लोकांना विचारलं, कशी आहे बोळेबाई? म्हणाले, बरी आहे. हात सुधारतोय. काम चोख. फार बोलत नाही.

फार बोलत नाही! मला कोणी सांगितलं असतं की तिचे दोन्ही पाय गेले, तरी मी इतकी हादरले नसते. ही बाई लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला आपल्या नणंदेच्या बाळंतपणाची गोष्ट सांगणारी, आणि लोक म्हणतात फार बोलत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्यावर विनाकारण डाफरले.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिला भेटायला बोलावलं. मोकळ्यावर, तळ्याच्या काठाला बाकं आहेत तिथे. आदल्या दिवशी मी कामावर गेलेच नव्हते. साबण न लावता अंघोळ केली, केस नुसत्या पाण्याने धुतले, पुन्हा धुतले. कपाटातली कुठलीच साडी उपयोगाची नव्हती, सगळ्यांना वास. शेवटी थोरल्या जावेची जुनी सुती साडी मागून आणली. ती म्हणाली, कुठे जातेयस अशी? मी म्हटलं, मैत्रिणीला भेटायला. तिला काही उमजलं नाही.

बोळेबाई माझ्या आधी येऊन बसली होती. पापण्या पूर्ववत झाल्या होत्या. डाव्या हातावरचं लाल फिकं होऊन गुलाबी राहिलं होतं. मी बाकाशी गेले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने श्वास घेतला, हळूच, चोरून.

"येतोय का अजून?" मी विचारलं.

"थोडा," ती म्हणाली. "केसांतून. इतक्या वर्षांचा मुरलाय, एका दिवसात जाईल होय?"

"मग जाते मी."

"बस खाली. थांब, तिकडे नको. वारा कुठून येतोय?" तिने बोट ओलं करून वर धरलं. आणि मला बाकाच्या त्या टोकाला बसायला सांगून स्वतः या टोकाला बसली. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता.

मग ती बोलायला लागली. आधी चाचपडत, जणू बरेच दिवस न वापरलेल्या खोलीचं दार उघडावं तशी, मग एकदम भडाभडा. खाली पॅकिंगमध्ये एक माणूस खोक्यांशी बोलतो. मुलीकडे नळाला पाणी येत नाही. नवऱ्याने परवा चक्क एक वाक्य उच्चारलं, हात कसा आहे, म्हणून, आणि ती इतकी दचकली की उत्तर द्यायचंच राहिलं. वाऱ्यामुळे तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. माझं मात्र तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, काही विचारायचं तर ओरडावं लागे. मग मी विचारणं सोडून दिलं आणि नुसती मान हलवत राहिले.

मध्येच वारा फिरला. तिने नाक आक्रसलं, उठली आणि माझ्याभोवती लांबून वळसा घालत, सासऱ्यांच्या कानातल्या यंत्राबद्दलचं वाक्य तोंडातून न सांडता, दुसऱ्या बाजूला आली. मी सरकत सरकत मघाच्या तिच्या टोकाला गेले आणि तिला जागा करून दिली.